नीट, जेईई की सीईटी? विश्रामबागच्या सरांकडचा आमचा अनुभव

मुलगी बारावी सायन्सला, गणित आणि बायो दोन्ही घेतलेलं. त्यामुळे मेडिकलची नीट, इंजिनिअरिंगची देशपातळीवरची जेईई मेन, राज्याच्या सीईटीचे पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (बायोचा) दोन्ही ग्रुप, वर सैन्यातल्या अधिकारी भरतीची एनडीए, सगळ्याच परीक्षांचे फॉर्म भरायचं तिनं ठरवलेलं. मैत्रिणी भरतायत ना! मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. या परीक्षांतलं मला फार कळत नव्हतं, पण एवढा पसारा एका पोरीला झेपायचा नाही हे दिसत होतं. शेजारणीनं विश्रामबागेतल्या एका समुपदेशक सरांचं नाव सुचवलं, म्हणून गेलो. फी पंधराशे रुपये. माझ्या मते वसूल झाली.

सरांनी मला बाहेर बसवलं. "ताई, आधी तिचं तिला बोलू द्या," म्हणाले. नुसती कल चाचणी भरून घेतली नाही. नीट, जेईई आणि सीईटीच्या जुन्या पेपरांतले प्रश्न घड्याळ लावून सोडवायला दिले आणि मार्क मोजायच्या आधी तिचं कच्चं काम बघत बसले. मला सगळ्यात पटलं ते हेच. गणितात अडली तरी ती खोडून पुन्हा दुसऱ्या रीतीनं भिडली होती. बायोचे प्रश्न मात्र वाचून तसेच सोडलेले. मग मला आत बोलावून तिच्यासमोरच सांगितलं: नीटच्या ७२० मार्कांत ३६० बायोचे. ज्या विषयाला हात लावावासा वाटत नाही, त्यावर वर्ष घालवू नका. पोरीच्या चेहऱ्यावरचा ताण तिथंच उतरला. नीट, पीसीबी आणि एनडीए तिनं स्वतःच यादीतून काढलं.

"शिकायचं कुठं, बाळा?" याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं: वालचंद, आमच्या सांगलीतलंच इंजिनिअरिंग कॉलेज. मग मुख्य वाट सीईटीची, असं सर म्हणाले. पीसीएमचा पेपर २०० मार्कांचा, त्यात एकट्या गणिताचे १००. चुकलं तर मार्क कापत नाहीत, आणि अकरावीचा भाग साधारण २० टक्के. अकरावीची पुस्तकं आम्ही रद्दीत देणार होतो, ती परत कपाटात गेली. जेईई मेन जानेवारीत एकदा द्यायची, कारण त्या तयारीनं गणित पक्कं होतं. पण तिथं चुकीच्या उत्तराला एक मार्क जातो, तेव्हा अंदाजपंचे खुणा करायची सवय लावायची नाही. एप्रिलच्या सत्राचं बोर्डाची परीक्षा झाल्यावर बघू.

उणिवाही सांगते. बोलणं फार भरभर, लिहून काहीच देत नाहीत. वही नेली नसती तर निम्मं विसरलो असतो. प्रवेशाच्या वेळी लागणाऱ्या डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी या कागदांचा विषय त्यांनी काढलाच नाही. ज्यांना ते लागतात त्यांची दाखल्यांपायी ऐन जूनमध्ये धावपळ होते, म्हणून सरांनी ते आधीच सांगायला हवं. निकाल लागल्यावर कॉलेजांची पसंती भरायला मदत हवी असेल, तर त्याची फी वेगळी.

जाणार असाल तर अकरावीची गुणपत्रिका आणि चाचणीचे तपासलेले पेपर न्या, सर ते मागतात. आणि दिवाळीच्या आधी जा, कारण जेईई मेनच्या जानेवारी सत्राचे फॉर्म त्याच सुमारास भरायचे असतात.