एकाच रेसचे दोन घोडे

२०२४ च्या गौरीजेवणाला साडू आमच्याकडे आले होते. जेवणं झाल्यावर गॅलरीत त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही अजून रेस खेळता का?" मग दोघांनीही मोबाइल काढले. रेसच्या टिपा देणाऱ्या एकाच माणसाचे मेसेज, जुलैतल्या एकाच रविवारचे, एकाच रेसचे. मजकूर शब्दन्‌शब्द तोच: "मोठ्या विश्रांतीनंतर उतरतोय, आतून तयार आहे, तबेल्याचा पैसा याच्यावरच." फक्त मला सात नंबरचा घोडा दिला होता आणि त्यांना तीन नंबरचा.

सात नंबर जिंकला, तीन नंबर मागे राहिला. रेसनंतर मला मेसेज आला होता, "विश्रांतीने ताजा झाला म्हणून असा सुटला." साडूंना आला होता, "इतक्या दिवसांनी उतरला, एक रेस अंगाला लागायला हवी होती. पुढच्या वेळी सोडायचा नाही." घोडा जिंको वा हरो, कारण तेच: विश्रांती.

मी वीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर जातोय, म्हणून हे जास्त झोंबलं. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा हंगाम एप्रिलच्या सुमारास संपतो, घोडे पुण्याला येतात आणि जुलैत इथल्या रेस सुरू होतात. म्हणजे पहिल्या काही दिवसांत जवळपास प्रत्येक घोडा विश्रांतीनंतरच पळत असतो. रेसबुकात त्याचं शेवटचं पळणं एप्रिलचं किंवा त्याआधीचं. तो थांबला का होता? पायाची शीर सुजली होती, नाकातून रक्त आलं होतं, की नुसताच हंगाम संपला होता? बाहेरच्या पंटरला, म्हणजे रेसवर पैसे लावणाऱ्याला, हे कळायला मार्ग नसतो. त्याच रिकाम्या जागेत हा माणूस आपली गोष्ट भरतो. मला म्हणाला होता, ट्रेनर पहाटे अंधारात गुपचूप गॅलप (सरावाची दौड) देतोय. अहो, सकाळच्या ट्रॅकवर घड्याळ लावून माणसं उभी असतात, ६०० मीटर किती सेकंदांत पळाला ते पेपरात छापून येतं! हे मला ठाऊक होतं. तरी मी त्या दिवशी पेपर उघडला नाही, कारण तोवर त्याच्या दोन टिपा लागल्या होत्या.

त्या दोन्ही फुकट होत्या. आता कळतं, आठ घोड्यांच्या रेसमध्ये वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे घोडे दिले की कुणाला तरी जिंकणारा मिळतोच. लागोपाठ दोनदा मिळालेले लोक थोडेच उरतात, पण ते डोळे मिटून विश्वास ठेवतात. मी त्यांतला एक.

तिसऱ्या, म्हणजे या सात नंबरच्या टिपेचे त्याने ६,००० घेतले. वर म्हणाला, "टोटवर, रेसकोर्सच्या अधिकृत खिडकीवर, कशाला लावता? पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी जातो. आमच्या बुकीकडे काही कटत नाही." जीएसटीची गोष्ट खरी होती. तो तेव्हा लावलेल्या पुऱ्या रकमेवर लागत होता आणि आम्हा जुन्या पंटरांना तो बोचतच होता. मी ४०,००० पाठवले. घोडा आठाच्या भावाने (एकाला आठ) आला, म्हणजे ३ लाख २० हजारांचा फायदा. मग फोन आला: ३० टक्के टीडीएस आधी भरा, तरच रक्कम सुटेल. मी ९६,००० भरले. खरा टीडीएस जिंकलेल्या रकमेतूनच कापला जातो आणि उरलेले पैसे हातात पडतात. तो आपल्या खिशातून आधी भरायला सांगणारा माणूस चोरच असतो. पुढे "खातं गोठलंय" म्हणून आणखी ५०,००० मागितले, तेव्हा मी थांबलो. १ लाख ४२ हजार गेले होते.

पोलिसांत गेलो नाही, कारण रेसकोर्सबाहेर विनापरवाना बुकीकडे पैसे लावणं कायद्यात बसत नाही, मलाच धरतील अशी भीती वाटत होती. साडूही त्याच भीतीने गप्प होते. ही भीतीच त्याचं भांडवल आहे. तुम्ही असे अडकला असाल तर लाज बाजूला ठेवा आणि ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आम्ही दोघांनी गौरीजेवणाच्या त्याच रात्री केला. माझे पैसे जाऊन सहा आठवडे झाले होते, ते हाती लागले नाहीत. साडूंनी मात्र "पुढच्या वेळी"चे शेवटचे पैसे आदल्याच दिवशी पाठवले होते. त्यातले अकरा हजार समोरच्या खात्यात अडवता आले.