सॅक पाठीवर, मग पिस्तूल कुठे?

दुकानात कमरेला होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवायचं म्यान, लावून पाहिला की तो झकास बसतो. त्यावर पंधरा किलोची सॅक चढवून तिचं कमरेचं बक्कल आवळलं की खरा प्रकार कळतो. सॅकचा जाड पट्टा नेमका पिस्तुलाच्या मुठीवर येतो. मूठ बरगडीत रुतते, पट्ट्यातून बोटं आत शिरत नाहीत आणि दोन तासांत कमरेच्या हाडावर लाल वळ उठतो. माँटाना, वायोमिंग, अलास्का अशा ग्रिझलीच्या (अमेरिकेतल्या मोठ्या तपकिरी अस्वलाच्या) मुलखात दोन-तीन दिवस चालायचं असेल, तर होल्स्टर घेण्याआधी हे पाहून घ्या.

त्याच्याही आधी कायदा. एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून अमेरिकेत बंदूक बाळगणं हाच संघीय गुन्हा आहे. मित्राचं पिस्तूल जरा वेळ आपल्या सॅकमध्ये ठेवलं, तरी तेच. आपल्या मंडळींना हे बरेचदा ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांना २०१० पासून नॅशनल पार्कमध्ये त्या-त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र नेता येतं, पण माहिती केंद्रासारख्या सरकारी इमारतीत नेता येत नाही. यलोस्टोनमध्ये तर ते जवळ ठेवता येतं, झाडायला मात्र बंदी आहे. (सह्याद्रीत हा प्रश्नच उद्भवत नाही. हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही.)

आता जागा. कमरेचा त्रास टाळायला बरेच जण होल्स्टर सॅकच्याच कमरपट्ट्याला अडकवतात. चालताना हे खरोखर आरामाचं आहे, तरी मी याच्या ठाम विरोधात आहे. माँटानातल्या ग्लेशियर पार्कमध्ये माझ्या एका मित्राने सॅक दगडाला टेकवली आणि बाटली घेऊन ओढ्यावर गेला. पंचवीस-तीस पावलंच असतील. वाकून पाणी भरताना मान वर केली, तर समोरच्या उतारावर पिल्लांसह ग्रिझली. सुदैवाने ती आपल्या वाटेने निघून गेली. त्याच्या हातात बाटली होती आणि पिस्तूल दगडापाशी. सॅक दिवसातून दहा वेळा उतरते: जेवताना, पाण्याला, झुडपाआड जाताना. नदी ओलांडताना तर तिचं बक्कल सोडून ठेवायचं असतं, म्हणजे पाय घसरला तर सॅक टाकून देता येते. तेव्हा पिस्तूलही वाहून जाणार. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकते, म्हणजे तीस मीटर दोन सेकंदांत. शस्त्र अंगावरच हवं. सॅकच्या आत ठेवलेल्या पिस्तुलाबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून माझी पसंती छातीवरच्या होल्स्टरला. एक पट्टा खांद्यावरून, एक बरगड्यांभोवती, आणि पिस्तूल छातीखाली तिरकं. हा आधी घालायचा, सॅक त्यावरून. सॅक उतरली तरी तो अंगावर राहतो आणि तंबूत शिरतानाही हाताशी असतो. ग्लॉक २० सारखं १० एमएमचं पिस्तूल गोळ्यांसकट किलोच्या वर जातं. ते वजन कमरेला एका बाजूला ओढतं, छातीवर मात्र दोन्हीकडे वाटलं जातं. खांद्याचा पट्टा सॅकच्या पट्ट्याखाली गुंडाळला गेला तर गळ्याजवळ काचतो, तेव्हा घरीच नीट सपाट करून घ्या. यात एक धोका आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. उजव्या हाताच्या माणसाची नळी डावीकडे रोखलेली असते. डावीकडे कोणी बसलं असेल तर ती त्याच्याकडे, आणि पिस्तूल उपसताना स्वतःच्या डाव्या दंडाकडे. डावा हात छातीशी धरायची सवय लागेपर्यंत भरलेलं पिस्तूल यात घालू नका.

छातीवरची कापडी पिशवी गर्दीच्या वाटेवर बरी, शस्त्र कोणाच्या नजरेत येत नाही. पण चेन उघडण्यात वेळ जातो, छातीला घाम फुटतो आणि उतरणीवर आपलेच पाय दिसत नाहीत. मांडीवरचा होल्स्टर चढावर प्रत्येक पावलाला आपटतो. हलकी सॅक आणि एका दिवसाची चाल असेल तर साधा कमरेचा पुरे.

होल्स्टर कायडेक्सचा (एक कडक प्लास्टिक) असो की चामड्याचा, ट्रिगरभोवतीचं कडं पूर्ण झाकलं गेलंच पाहिजे. यात तडजोड नाही. कायडेक्स पावसाला दाद देत नाही, चामडं भिजलं की नरम पडतं. पिस्तूल रिकामं करून, नळी दोनदा तपासून होल्स्टर पलंगावर उलटा धरून हलवा. पडलं तर तो परत करा.

आणि बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा? तो घ्याच. अलास्कातल्या ८३ घटनांच्या अभ्यासात त्याने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा रोखलं. बंदुकांच्या वेगळ्या अभ्यासात पिस्तुलांचं यश ८४ टक्के निघालं. दोन्हींतल्या घटना एकसारख्या नव्हत्या, त्यामुळे आकडे सरळ शेजारी ठेवू नयेत. पण थरथरत्या हाताला धावत्या अस्वलावर नेम धरण्यापेक्षा फवाऱ्याचा ढग सोडणं सोपं, हे मला पटलेलं आहे. तो विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, तिथे पोहोचून विकत घ्या. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कात मात्र त्याला बंदी आहे. स्प्रे डाव्या बाजूला, पिस्तूल उजव्या हाताला, आणि ही जागा कधी बदलू नका.

रेनकोटही घालून पाहा. गळ्यापर्यंत चेन लावली की छातीवरचा होल्स्टर त्याखाली गाडला जातो. चेन खालूनही उघडणारा घ्या, आणि पावसात ती खालून छातीपर्यंत उघडून ठेवा.