ट्युलिप-हायसिंथ-नार्सिससचा बल्ब कॉम्बो : भुसावळच्या फ्लॅटमध्ये पाच महिने वापरून

आधीच सांगतो, मी काही बागकामवाला माणूस नाही. भुसावळला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पूर्वेला दीड हाताची गॅलरी, तिथे एक तुळस, एक कोरफड आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच आमचं गार्डन. पण दरवर्षी पौष महिना आला की घर कसं उदास वाटतं, लग्नं नाहीत, सण म्हणजे एक संक्रांत, पहाटे कुडकुडायचं आणि दुपारी पंखा लावायचा, आणि फेब्रुवारी संपला की डायरेक्ट उन्हाळा. आपल्याकडे वसंत ऋतू पंचांगातच येतो. तर या वेळी म्हटलं घरात फुलं फुलवून बघू, आणि दिवाळीच्या आधी ऑनलाइन बल्बचा, म्हणजे फुलझाडांच्या कांद्यांचा, एक कॉम्बो मागवला. १० ट्युलिप, ४ हायसिंथ, १२ पेपरव्हाइट नार्सिसस आणि १० रॅननक्युलस, डिलिव्हरी धरून १,४५० रुपये.

पार्सल उघडल्यावर आई म्हणाली, "कांदेच तं आहेत हे. मार्केटात गोणीनं मिळतात, तू मोजून आणलेस?" आता काय बोलणार. एक ट्युलिप दाबल्यावर पचपचीत लागला, सडलेला, त्याचा फोटो पाठवला तर विक्रेत्याकडून आजपर्यंत उत्तर नाही. आणि सोबतच्या कागदावर सूचना किती, तर 'थंड कोरड्या जागी ठेवून नंतर लावा'. अरे भो, ऑक्टोबर हीटमध्ये खान्देशात थंड जागा कोणती ते पण लिहा ना!

नंतर वाचून कळलं ते असं. ट्युलिप आणि हायसिंथच्या कांद्यात फूल आधीच तयार होऊन बसलेलं असतं, पण दांडा वर यायला त्याला लांब थंडी लागते, हायसिंथला साधारण १० ते १४ आठवडे आणि ट्युलिपला १२ ते १६, तेही ९ अंशांच्या खाली. आपल्याकडे जानेवारीत एखाद्या पहाटे पारा तेवढा उतरतो पण दुपारी परत २८-२९, म्हणजे त्याला थंडी म्हणताच येत नाही. श्रीनगरच्या ट्युलिप गार्डनला ही अडचण नाही, तिथे अख्खा हिवाळा फुकटात मिळतो आणि मार्चअखेरीला फुलं येतात. आमच्याकडे हिवाळा म्हणजे फ्रिज. तर ट्युलिपचे उरलेले ९ कागदी पिशवीत घालून खाली भाजीच्या ड्रॉवरमध्ये, आणि तिथे जागा संपली म्हणून ४ हायसिंथ वरच्या कप्प्यात अंड्यांच्या ट्रेमध्ये बसवले. प्लॅस्टिकची पिशवी नको, घाम धरून बुरशी येते. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला, मी घातले नाही आणि संध्याकाळपर्यंत मनगटापर्यंत खाज, सुरण चिरल्यावर होते तशीच, कारणही तेच म्हणे, कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक काटे.

पेपरव्हाइटला मात्र फ्रिज लागतच नाही, आणि या कॉम्बोत पैसे वसूल झाले ते यांच्यामुळेच. तापीवरून आणलेले गोटे धुवून एका पसरट काचेच्या बाऊलमध्ये टाकले, त्यावर ४ कांदे खेटून बसवले, पाणी फक्त बुडाला टेकेल इतकं. पाणी वर चढलं की कांदा सडतो. २० नोव्हेंबरला पहिले ४, मग दर पंधरा दिवसांनी ४-४. ही आयडिया बायकोची, ती म्हणाली सगळे एकदम लावशील तर एकदम फुलतील आणि एकदम जातील, भेंडी कशी टप्प्याटप्प्यानं लावतात तसं लाव. पाचव्या आठवड्यात, नाताळच्या आसपास, सकाळी दार उघडलं तर पांढऱ्या चांदण्यांचे झुबके. नंतरचे लॉट पण आले आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा संपेपर्यंत टीव्हीशेजारी काही ना काही फुललेलं होतं. आमचा हॉल उत्तरेचा आहे, हिवाळ्यात दिवसाही ट्यूब लावावी लागते, तिथे हे पांढरं इतकं उठून दिसायचं की येणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघायचा आणि मग चप्पल काढायचा.

वासाबद्दल खरं सांगतो, वास तेज आहे. आईला आवडला. बायकोचं डोकं दुखलं. पोरगी म्हणाली गोठ्याजवळ अत्तर सांडल्यासारखं वाटतं, आणि ते काही अगदी चुकीचं नाही. छोट्या बंद खोलीत ठेवू नका, हॉलमध्ये ठीक.

दुसरी अडचण म्हणजे दांडे लांब होऊन आडवे पडतात, उबेत आणि कमी उजेडात जास्तच. पहिल्या लॉटला मी दोरा गुंडाळला, शाळेच्या गॅदरिंगमधल्या डेकोरेशनसारखं दिसत होतं. मग वाचलं की अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात यावर प्रयोग झालेत, मुळं धरून कोंब बोटभर वर आला की साध्या पाण्याऐवजी ४ ते ६ टक्के अल्कोहोलचं पाणी द्यायचं, उंची आखूड राहते आणि फुलाला काही होत नाही. घरात दारूची बाटली आणणं शक्यच नव्हतं, आईनं मला आणि कांद्यांना दोघांना बाहेर काढलं असतं. पण मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या रबिंग अल्कोहोलनंही जमतं, एक भाग ते आणि अकरा भाग पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या लॉटला तसं केलं, दांडे बऱ्यापैकी बुटके आणि ताठ राहिले. साखरेची बिअर-वाइन चालत नाही म्हणतात, तो विषय आमच्याकडे आलाच नाही.

आता महत्त्वाचं, आणि हे विक्रेत्यानं पाकिटावर मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे होतं. नार्सिसस, म्हणजे हे पेपरव्हाइटच, विषारी आहे, कांदा जास्त, पण पात पण. आणि ती पात अगदी कांद्याच्या पातीसारखी दिसते. डिसेंबरातला रविवार, घरी भरिताचा बेत, मेव्हणे आणि त्यांचं कुटुंब आलेलं, गॅलरीत वांगी भाजून झालेली, कळण्याच्या भाकरी चालू. एक बाऊल मी उजेडासाठी किचनच्या खिडकीत ठेवला होता. मेव्हण्याची बायको भरितात टाकायला कांद्याची पात घ्यायला उठली आणि विळी घेऊन सरळ खिडकीपाशी. दोन पाती कापून झाल्यावर माझी पोरगी ओरडली, "मामी, ते पप्पाचं फूल आहे!" सगळे हसले, मी पण हसलो, पण पोटात गोळा आला होता. उलट्या, जुलाब, सगळं होतं त्यानं. त्या दिवसापासून किचनमध्ये एकही कुंडी नाही आणि कांद्याच्या टोपलीच्या आसपास तर नाहीच. लहान मुलं, कुत्रं-मांजर असेल तर विचार करून घ्या.

हायसिंथ. डिसेंबरच्या शेवटी, ११ आठवडे भरल्यावर काढले. लोणच्याच्या काचेच्या बरण्या घेतल्या, गळ्यात कांदा अडकेल अशा, पाणी कांद्याच्या बुडाखाली नखभर. मग देवघराच्या खालच्या कपाटात अंधारात, कारण आधी मुळं उतरू द्यायची. आठ-दहा दिवसांत पांढऱ्या मुळांनी बरणी भरली, ते बघायलाच पोरांची गर्दी. कोंब दोन इंच झाल्यावर उजेडात. ४ पैकी ३ फुलले, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, म्हणजे हळदीकुंकवाच्या शेवटच्या टप्प्यात, निळा-जांभळा घोस आणि वास असा की जिन्यात पहिल्या मजल्यावर कळायचा. बायका तिळगूळ घ्यायच्या आणि बरणीत नाक घालायच्या. यातल्या एकाचं फूल पानांच्या आतच अडकून राहिलं, दांडा वर आलाच नाही, थंडी कमी पडली की असं होतं. रात्री गॅलरीत आणि दिवसा आत असं केलं तर १० दिवस टिकलं, जे एक मी हौसेनं टीव्हीवरच ठेवलं ते ५ दिवसांत मान टाकून मोकळं.

आणि ट्युलिप, ज्यांच्या फोटोसाठी हा कॉम्बो घेतला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, १३ आठवडे भरवून कुंडीत लावले. पानं मस्त आली, रुंद, निळसर हिरवी, आम्ही रोज वाकून बघायचो. आत कळीही दिसली. आणि मग ती कळी तिथेच कागदासारखी वाळली, एक नाही, ७ कुंड्यांत ७. मला वाटलं पाणी कमी पडलं. मामा सावद्याहून आले होते, त्यांचं आयुष्य केळीत गेलंय, त्यांनी कुंडी बघितली आणि विचारलं फ्रिजमध्ये याच्याशेजारी काय होतं. मी म्हटलं दिवाळीची सफरचंदं आणि डझनभर सीताफळं. ते हसायलाच लागले. म्हणे केळी पिकवायच्या चेंबरमध्ये आम्ही जो गॅस सोडतो तोच ही फळं स्वतःहून सोडतात, तुझ्या फुलाला तू रायपनिंगला लावलंस. घरी येऊन वाचलं तर अगदी तेच, इथिलीन म्हणजे त्याच गॅसनं ट्युलिपची कळी आतल्या आत मरते, बल्ब सफरचंदाजवळ ठेवू नका म्हणून सगळे सांगतात. केळीच्या जिल्ह्यात जन्माला येऊन मला हे कळायला १,४५० रुपये लागले! हायसिंथ वरच्या कप्प्यात होते म्हणून वाचले असावेत. अर्थात सगळा दोष सीताफळाचा नाही, त्या आठवड्यात दुपारी ३२ पर्यंत गेलं होतं, तेही नडलं असणार.

उरलेले २ फुलले. लाल. सकाळी मिटलेले, अगदी फोटोतल्यासारखे, आणि दुपारी बारा वाजता उबेनं पसरून बशी. चौथ्या दिवशी पाकळ्या खाली. २ फुलं, ४ दिवस. बायकोनं हिशोब केला आणि तो मी इथे लिहीत नाही.

रॅननक्युलसबद्दल थोडक्यात. गड्डे बघाल तर केळीची वाळलेली इवलीशी फणीच, आम्ही तेच नाव ठेवलं. तीन-चार तास पाण्यात भिजवून, टोकं खाली करून नोव्हेंबरात लावले. ४ गड्डे मी रात्रभर भिजत विसरलो, ते सडले. ६ आले, फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत गॅलरीत केशरी-पिवळी फुलं, पाकळ्यांवर पाकळ्या, कापून ग्लासात ठेवली तरी आठवडा जातो. नंतर उन्हानं पानं पिवळी. यांना कुणी भाव देत नाही पण मला विचाराल तर पेपरव्हाइटनंतर हेच बेस्ट.

एक गोष्ट आईच्या वतीनं. माझे ट्युलिप वाळत होते त्याच आठवड्यात ती यावलला मावशीकडे जाऊन आली, येताना आंब्याच्या मोहराच्या दोन डहाळ्या आणि पळसाची कळ्या धरलेली एक फांदी घेऊन आली, तांब्याच्या कळशीत पाणी घालून हॉलमध्ये ठेवली. तीन दिवसांत पळस पेटल्यासारखा फुलला. खर्च एसटीचं तिकीट, तेही अर्धं. मोहर गळतो, फरशी चिकट होते, पण वास... त्यापुढे माझी बरणी फिकी होती हे मी तिच्यासमोर कबूल केलेलं नाही.

स्टार म्हणाल तर कॉम्बोला ५ पैकी ३. पेपरव्हाइटला साडेचार, रॅननक्युलसला ४, हायसिंथला साडेतीन, ट्युलिपला एक आणि सूचनांच्या कागदाला शून्य. पुढच्या वर्षी कॉम्बो नाही, सुटे घेणार, २० पेपरव्हाइट आणि २० रॅननक्युलस, हायसिंथ ६ पण तेही आधीच थंडी दिलेले मिळाले तर. पाण्यात फुलवलेले पेपरव्हाइट-हायसिंथ पुन्हा फुलत नाहीत, ते टाकून दिले. रॅननक्युलसचे ६ गड्डे मात्र मातीतून काढून सावलीत वाळवलेत आणि कागदात गुंडाळून कपाटावरच्या डब्यात ठेवलेत, डब्यावर आईनं लाल पेननं लिहिलंय, 'भाजी नाही'.