अंतर्गत रोध मोजणारा चार तारांचा मीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच धारेला होणारा अडथळा, मोजणारा, १ किलोहर्ट्झच्या प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) धारेवर चालणारा आणि हातात मावणारा चार तारांचा मीटर मी गेले काही महिने नियमितपणे वापरत आहे. या वर्गातील बहुतेक मीटर एकाच तत्त्वावर चालत असल्यामुळे पुढील अनुभव एखाद्या विशिष्ट कंपनीच्या मीटरपुरता समजू नये. पुन्हा चार्ज होणाऱ्या जुन्या सेलपैकी कोणते ठेवावेत आणि कोणते बाद करावेत, एवढे कळावे म्हणून मी तो घेतला, आणि ते काम तो चोख करतो. मात्र पडद्यावरचा आकडा म्हणजेच सर्किटमध्ये प्रत्यक्ष जाणवणारा रोध, असे धरून चालणाऱ्याची तो हमखास दिशाभूल करील.

साध्या मल्टीमीटरने विभवांतर (व्होल्टेज) पाहून सेल चांगला की वाईट हे ठरवण्याची सवय बहुतेकांना असते. डिजिटल मल्टीमीटरचा स्वतःचा रोध सामान्यतः १० मेगाओहम असतो, म्हणजे १.५ व्होल्टच्या सेलमधून तो जेमतेम ०.१५ मायक्रोअँपिअर धारा घेतो. इतक्या क्षुल्लक धारेला सेलमधला रोध १ ओहम असला काय किंवा १०० ओहम असला काय, काहीच फरक पडत नाही. खरी परीक्षा भार, म्हणजे धारा ओढणारी वस्तू, जोडल्यावर होते. १.५ व्होल्टच्या सेलला २ ओहमचा रोध जोडला आणि सेलचा अंतर्गत रोध ०.२ ओहम असला, तर एकूण रोध २.२ ओहम होतो, धारा सुमारे ०.६८ अँपिअर येते आणि सेलच्या टोकांशी १.३६ व्होल्ट उरतात. तोच अंतर्गत रोध १ ओहमपर्यंत वाढला, की धारा अर्ध्या अँपिअरवर घसरते, टोकांशी फक्त १ व्होल्ट मिळतो आणि उरलेला अर्धा व्होल्ट सेलच्या पोटातच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो. भार काढून घेतला, की दोन्ही सेल पुन्हा तेच दीड व्होल्ट साळसूदपणे दाखवू लागतात.

मीटरसोबत आलेल्या माहितीपत्रकात ‘चांगला’ आणि ‘खराब’ यांच्यासाठी एकच सरसकट मर्यादा दिली आहे, ती सरळ बाजूला ठेवावी. डबल-ए आकाराच्या ताज्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध खोलीच्या तापमानाला साधारण १५० ते ३०० मिलीओहम असतो, तर त्याच आकाराच्या चांगल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा काही दशक मिलीओहमच भरतो. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत सहा लहान सेल एकसरीत जोडलेले असल्यामुळे तिचा रोध ओहमच्या घरात जातो, आणि नाण्याच्या आकाराच्या लिथियम सेलचा त्याहून कितीतरी जास्त असतो. अशा सेलवर छोटी मोटर फिरत नसेल, तर तो सेलचा दोष नव्हे. तेवढी धारा देण्यासाठी तो घडवलेलाच नाही.

चार तारांची रचना हा या मीटरचा सर्वांत मोठा गुण आहे. दोन तारा सेलमधून मोजकी धारा पाठवतात आणि उरलेल्या दोन तारा केवळ विभवांतर वाचतात. वाचणाऱ्या तारांतून जवळजवळ धाराच वाहत नसल्यामुळे त्यांचा स्वतःचा रोध मापनात मिसळत नाही. अट एवढीच की, प्रत्येक टोकावरच्या दोन्ही पिना धातूला नीट टेकल्या पाहिजेत. एक पीन जरा तिरकी राहिली, की आकडा नाचू लागतो. यातला सर्वांत बोधक प्रयोग सेल होल्डरवर झाला. पिना थेट सेलवर टेकवल्या तेव्हा २८ मिलीओहम दिसले, आणि तोच सेल स्प्रिंगच्या होल्डरमध्ये बसवून होल्डरच्या तारांवर मोजला तेव्हा आकडा नव्वदीच्या पुढे गेला. वाढलेला रोध स्प्रिंगचा, सांध्यांचा आणि बारीक तारांचा होता. सर्किटला मात्र त्याचे सोयरसुतक नसते. रोध सेलच्या आत असो वा बाहेर, धारा ठरते ती एकूण बेरजेवर.

आता तक्रारीचा मुद्दा. त्याच २८ मिलीओहमच्या सेलला मी आधी ०.२ आणि मग १.२ अँपिअरचा भार दिला. विभवांतर १.३० वरून १.२५ व्होल्टवर आले. म्हणजे १ अँपिअरच्या फरकामागे ०.०५ व्होल्ट, अर्थात ५० मिलीओहम. दोन्ही मापने आपापल्या जागी बरोबर आहेत. सेकंदाला १००० वेळा आवर्तन पावणाऱ्या धारेपुढे मुख्यतः धातूच्या पट्ट्यांचा आणि विद्युत अपघटनी द्रावाचा रोध दिसतो. इलेक्ट्रोडवरची रासायनिक क्रिया आणि आयनांचे विसरण (द्रावात हळूहळू पसरणे) यांना एवढ्या थोड्या अवधीत पूर्ण प्रतिसाद देता येत नाही. टॉर्च किंवा मोटर स्थिर धारा ओढते तेव्हा ही संथ प्रक्रियाही हिशेबात येते. म्हणून या मीटरचा आकडा एकाच जातीच्या सेलची आपसांत तुलना करण्यासाठी वापरावा, सर्किटमधली विभवांतराची घट काढण्यासाठी नव्हे. तुलना करतानाही सेल सारख्याच तापमानाचे आणि सारखेच चार्ज झालेले असावेत, कारण थंडीत रोध स्पष्टपणे वाढतो. मीटरला मापे साठवण्याची सोय नाही. मी मार्करने सेलवरच लिहून ठेवतो आणि जवळजवळ सारख्या आकड्यांचे सेल एका संचात घालतो.

ज्यांना केवळ हा विषय समजून घ्यायचा आहे, त्यांनी मीटर घेण्याची घाई करू नये. मल्टीमीटर आणि १० व २ ओहमचे दोन रोध पुरेसे आहेत: प्रत्येक रोध आळीपाळीने जोडून सेलच्या टोकांशी विभवांतर मोजावे, त्याला रोधाने भागून धारा काढावी आणि विभवांतरातील फरकाला धारांमधील फरकाने भागावे. २ ओहमच्या रोधात जवळपास १ वॉट शक्ती उष्णतेत जाते, त्यामुळे तो किमान २ वॉटचा घ्यावा आणि जोडणी काही सेकंदच ठेवावी.