खिडकीबाहेरची फुलपेटी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः एका छिद्राविषयी

दुहेरी तळाची, झाडांना खालून पाणी पुरवणारी लांबट फुलपेटी मी नऊ महिन्यांपूर्वी घेतली. मापे आणि रंग सर्वांना माहीत आहेत, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. तिसऱ्या महिन्यात मी तिला पाच तारे दिले होते, सहाव्या महिन्यात ते एकावर आणले आणि आज साडेतीनवर येऊन थांबलो आहे. या चढउताराचे कारण करंगळीही आत जाणार नाही एवढे एक छिद्र आहे.

आधी चांगले तेवढे सांगतो. पहिले तीन महिने मी या पेटीवर निहायत खूश होतो. भिंत तीच होती आणि खिडक्याही त्याच चार होत्या, पण एकीखाली फुले लोंबू लागली तेव्हा उरलेल्या तीन उघड्याबोडक्या दिसू लागल्या. येणारेजाणारे मान वर करून पाहतात. घरातून मात्र हे वैभव निम्मेच दिसते, कारण झाडे उजेडाकडे वळतात; फुलांचे तोंड रस्त्याकडे आणि देठ माझ्याकडे, अशी वाटणी होते. खर्च माझा आणि शोभा दुसऱ्यांची, याची मला थोडी चुटपुट लागली, हे कबूल करतो. खिडकी बाहेर उघडणारी असेल तर मात्र ही पेटी घेऊच नये. पहिल्याच दिवशी तावदान फुलांवर आपटेल. माझी सरकती आहे, म्हणून निभावले.

मी मागच्या ओळीत जिरेनियम आणि पुढच्या ओळीत खाली झुलणारे पेटुनिया लावले होते. रोपवाटिकेत ज्याला जिरेनियम म्हणतात ते खरे तर पेलार्गोनियम. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये दोन्ही एकाच प्रजातीत घातली होती आणि 1789 मध्ये ती वेगळी करण्यात आली, तरी जुने नाव काही सुटले नाही. नावाचा हा घोळ येथे काढण्याचे कारण असे की, यातल्या बहुतेक जाती मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत, त्यांना एखादा दिवस कोरडा गेलेला चालतो, पण मुळाशी पाणी साचलेले मुळीच चालत नाही. पाचव्या महिन्यात पावसाची झड लागली आणि त्यांची खालची पाने पिवळी पडू लागली. त्याच सुमारास खिडकीखालच्या भिंतीवर ओलीचा एक तपकिरी ओघळ उमटला. पुढे रंगाला पोपडे आले आणि त्याखाली पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार, दिसू लागला.

पेटी काढून पाहिली तेव्हा उलगडा झाला. खालच्या टाकीत साधारण चार लिटर पाणी मावते आणि त्याहून जास्त झालेले बाहेर जावे म्हणून एक छिद्र ठेवलेले आहे. पण ते आहे मागच्या बाजूला, म्हणजे थेट भिंतीच्या अंगाला. विक्रेत्याला पत्र लिहिले. पहिल्या उत्तरात छायाचित्रे मागितली, दुसऱ्यात दर्शनी बाजू डागाळू नये म्हणून छिद्र मुद्दाम मागे ठेवल्याचे कळवले, आणि तिसऱ्यात भिंत हमीच्या कक्षेत येत नाही असे सांगितले. भिंत मी त्यांच्याकडून घेतली नव्हती, हे मलाही मान्य आहे. तो एक तारा त्याच रात्रीचा.

यानंतर मत थोडे बदलावे लागले. भिंत दुरुस्त करायला आलेल्या गवंड्याने खिडकीच्या सिलखाली, म्हणजे चौकटीखालच्या आडव्या पट्टीखाली, बोट फिरवले आणि विचारले, “येथली खाच कोणी बुजवली?” बाहेर आलेल्या सिलच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, एक बारीक खाच असते. पाणी सिलच्या बुडाला चिकटून भिंतीकडे सरकते, पण खाचेपाशी त्याची वाट तुटते आणि ते थेंब होऊन खाली पडते. गेल्या रंगकामात माझ्याच देखरेखीखाली ती पुट्टीने गुळगुळीत झाली होती, आणि तेव्हा मला ते काम फार सफाईदार वाटले होते.

दुसरी चूकही माझीच निघाली. सूचनापत्रात हलके मिश्रण भरायला सांगितले होते. पैसे वाचवण्यासाठी मी अंगणातली माती भरली आणि निचरा व्हावा म्हणून खाली दोन बोटे खडी घातली. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड खडीत सहजी उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते दोहोंच्या सीमेवरच अडून राहते. म्हणजे खडीने निचरा तर वाढवला नाहीच, उलट चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ आणला. शिवाय, टाकीतले पाणी जिच्यातून वर चढायचे ती मातीची सलग वाट खडीने तोडली. वर मुळे कुजत होती, खाली टाकी कायम भरलेली होती, आणि भरलेल्या टाकीत पावसाला जागाच नसल्यामुळे प्रत्येक सर मागच्या छिद्रातून सरळ भिंतीवर जात होती. वजनाची गोष्ट तर बोलायलाच नको. ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते, तेव्हा वीस लिटर मातीचे तीस किलोंहून अधिक ओझे आधाराच्या दोन लोखंडी कोनांवर पाच महिने लटकत होते.

खाच पुन्हा कोरून घेतली. खडी आणि माती काढून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे कण) यांचे मिश्रण भरले. पेटी उचलतानाच फरक हाताला जाणवला. मागचे छिद्र सिलिकॉनने बंद केले, दर्शनी बाजूला त्याच उंचीवर नवे छिद्र पाडले आणि त्यात बोटभर नळी बसवली, म्हणजे पाणी सिलच्या पलीकडे पडते. हमी अर्थातच गेली. जिरेनियम पुन्हा धरले आहे. सुकलेली फुले दर दोन दिवसांनी खुडतो, कारण बी धरू दिले की नवा बहर मंदावतो.

राग मात्र एका गोष्टीचा अजून आहे. दर्शनी बाजू खराब दिसू नये म्हणून ज्यांनी छिद्र मागे नेले, त्यांनी भरलेली पेटी कधी पाहिली होती का? पेटुनिया महिन्याभरात एवढे लोंबतात की समोरचा पत्राच दिसत नाही; माझी नळी कोठे आहे हे शेजाऱ्यांना बोटाने दाखवावे लागते. अर्धा तारा त्यासाठी कापला आहे, आणि एक उद्धट उत्तरांसाठी.

उरलेल्या तीन खिडक्यांसाठीही पेट्या घ्यायच्या आहेत. याच कंपनीच्या घेईन, पण नळी घरी आणून ठेवल्यावर. दरम्यान खालच्या मजल्यावरच्यांनी कपडे वाळत घालण्याची दोरी हातभर बाजूला सरकवली आहे. त्यांनी कारण सांगितले नाही आणि मीही विचारलेले नाही.