पीएफएलचा सीझन: यूएफसीसमोर मांडलेला सर्वांत चांगला माल, आणि तो कुठे फसला

एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढती, आणि यूएफसी ही त्यातली सर्वांत मोठी कंपनी. यूएफसी सोडून आमच्याकडे का बघायचं, या प्रश्नाला बहुतेक प्रतिस्पर्धी कंपन्यांचं एकच उत्तर असायचं: आमच्याकडे मोठं नाव आहे. अफ्लिक्शनकडे फेडोर हा नामांकित रशियन हेवीवेट होता. दोन कार्यक्रम झाले. तिसरा १ ऑगस्ट २००९ला ठरला होता, पण फेडोरसमोर उतरणारा जॉश बार्नेट उत्तेजक चाचणीत अडकला आणि कार्यक्रमासोबत कंपनीचा एमएमएचा धंदाही आटोपला. एलिटएक्ससीने सगळा डाव किंबो स्लाइस या इंटरनेटवर गाजलेल्या फायटरवर लावला. ४ ऑक्टोबर २००८ला सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर तो १४ सेकंदांत पडला आणि महिना संपायच्या आत कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. मुंबईत २०१२ला सुरू झालेल्या सुपर फाइट लीगनेही पहिल्याच कार्यक्रमाला बॉब सॅप या धिप्पाड अमेरिकन फायटरला आणलं होतं. माणूस पडला की दुकान बंद, हे ठरलेलंच.

प्रोफेशनल फायटर्स लीगने, म्हणजे पीएफएलने, २०१८ला नावाऐवजी गुणतक्ता विकायला काढला. हा फॉरमॅट प्रेक्षकाला काय द्यायचा आणि धंदा म्हणून कुठे गळला, ते नीट पाहण्यासारखं आहे.

कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर यूएफसी हे जोड लावलेलं मैदान आहे. कोण कोणाशी आणि कधी लढणार, हे आयोजक ठरवतो, आणि पट्ट्याच्या, म्हणजे विजेतेपदाच्या, लढतीची संधीही तोच देतो. पीएफएलचा सीझन महाराष्ट्र केसरीसारखा होता: लढती काढत जो वर येईल तो फायनलला, मग आयोजकाला तो आवडो न आवडो.

गुणांचं गणित सोपं होतं. विजयाला ३, बरोबरीला १, पराभवाला ०. निकाली लढतीला वर बोनस: पहिल्या राउंडला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. म्हणजे पहिल्या राउंडमधला नॉकआउट किंवा सबमिशन (पकडीत धरून समोरच्याला हार मानायला लावणं) ६ गुणांचं, पंचांच्या निकालावरचा विजय ३चा. २०२१पासूनच्या रचनेत प्रत्येक फायटर नियमित सीझनमध्ये दोनदा लढायचा आणि प्रत्येक वजनगटातले वरचे चार सेमीफायनलला जायचे.

खरी मजा दुसऱ्या लढतीत होती. दोन्ही लढती पंचांच्या निकालावर जिंकणाऱ्याचे ६ गुण होतात. पहिली हरून दुसरीत पहिल्याच राउंडला समोरच्याला संपवणाऱ्याचेही ६. त्यामुळे शून्यावर बसलेला फायटर अजून जिवंत असतो, आणि त्याला पहिल्या पाच मिनिटांतच काय ते करायचं असतं. चौथ्या स्थानासाठी ६ लागत असतील तर दुसऱ्या राउंडमधला विजय ५वरच अडकतो, म्हणजे जिंकूनही घरी. कोपऱ्यातला प्रशिक्षक हे ओरडून सांगत असतो आणि घड्याळात चाळीस सेकंद उरलेले असतात. इतर कुठल्याही कंपनीत खालच्या क्रमांकाच्या दोन अनोळखी फायटरांची लढत इतकी ताणून धरत नाही. माझ्या मते एमएमएच्या धंद्यातली ही सर्वांत हुशार कल्पना आहे, कारण ती कोणाच्याही प्रसिद्धीवर अवलंबून नाही.

त्रुटीही याच गणितात होत्या. आधीच ६ गुण खिशात असलेला फायटर दुसऱ्या लढतीत जोखीम घेत नाही. कार्यक्रमात उशिरा उतरणाऱ्याला नेमके किती गुण लागणार ते कळलेलं असतं, आधी लढून गेलेला मात्र अंदाजावर खेळलेला असतो. समोरच्याचं वजन बसलं नाही आणि लढतच झाली नाही, तर वॉकओव्हरचे ३ गुण मिळायचे, पण ६ कमावायची संधी जायची.

त्याहून मोठी अडचण शरीराची. एप्रिलला सुरुवात, जूनला दुसरी फेरी, ऑगस्टला सेमीफायनल, ऑक्टोबर-नोव्हेंबरला फायनल: साधारण सात महिन्यांत चार लढती आणि चार वेळा वजन उतरवणं. यूएफसीत वर्षाला दोन-तीन लढती म्हणजे नेहमीचा हिशेब. डोळ्याच्या वर खोक पडली की ती भरेपर्यंत सराव बंद, आणि वेळापत्रक तर थांबत नाही. म्हणूनच पीएफएलने सीझनच्या लढतींत कोपराचे फटके बंद ठेवले होते. कारण पटण्यासारखं आहे, पण कोपराशिवायचा क्लिंच, म्हणजे उभ्याने एकमेकांना धरून होणारी झटापट, पाहताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. एवढं करूनही माणसं गळायचीच आणि राखीव फायटर आत यायचे. २०२३ला लास वेगासमधल्या पहिल्या फेरीनंतर अनेक जण उत्तेजक चाचणीत अडकले आणि तक्ता मध्येच नव्याने लावावा लागला.

त्याच वर्षी जूनमध्ये घडलेला प्रकार मला सगळ्यात गंभीर वाटतो. लाइटवेटमध्ये नेटन शुल्टे आणि राऊश मॅनफियो यांची जोड लागली. दोघेही माजी विजेते, एकमेकांचे जवळचे मित्र. लढत थंड झाली, शुल्टे पंचांच्या निकालावर जिंकला आणि गुणांनुसार पुढे जायला पात्र ठरला. पीएफएलने दोघांनाही पुरेसे लढले नाहीत म्हणून निलंबित केलं आणि जागा दुसऱ्याला दिली. लढत कंटाळवाणी होती, हे खरंच. पण ती जोड कंपनीनेच लावली होती. ‘तक्ता ठरवेल’ हेच ज्याचं वचन, त्याने तक्ता बाजूला सारला की त्याच्यात आणि यूएफसीत फरक काय उरला?

आता पैसा. गटविजेत्याला १० लाख डॉलर हे पीएफएलचं मुख्य आकर्षण होतं. २०१८ला सहा गट होते, म्हणजे बक्षिसांचे ६० लाख डॉलर ठरलेलेच. प्रेक्षकाला हा आकडा लगेच कळायचा, पण कंपनीच्या हाती काय लागलं ते पाहा. २०१८चा लाइट-हेवीवेट विजेता शॉन ओकॉनेल ३१ डिसेंबरला बक्षीस जिंकून त्याच रात्री निवृत्त झाला. शुल्टेने २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोनदा जिंकलं, तरी नियमित एमएमए पाहणाऱ्यालाही तो चटकन आठवत नाही, कारण विजेता पुढच्या वर्षी पुन्हा शून्यावर यायचा आणि पट्ट्याची परंपरा तयारच होत नव्हती. केला हॅरिसन ही याच फॉरमॅटने घडवलेली खरी स्टार: २०१९ आणि २०२१ची विजेती. २०२२च्या फायनलला लॅरिसा पचेकोने तिला हरवलं, ही त्या सीझनची सर्वोत्तम गोष्ट होती. पुढे २०२४ला हॅरिसन यूएफसीत गेली आणि जून २०२५मध्ये तिथली बँटमवेट विजेती झाली. घडवलं पीएफएलने, पट्टा दाखवला यूएफसीने.

यावर पीएफएलने उपाय काढला तो जुनाच: मोठी नावं विकत घ्यायची. मे २०२३ला यूएफसीचा माजी हेवीवेट विजेता फ्रान्सिस एनगानूशी करार झाला. त्याची पीएफएलमधली पहिली लढत १९ ऑक्टोबर २०२४ला रियाधमध्ये झाली, म्हणजे १७ महिन्यांनी. मधल्या काळात तो बॉक्सिंगच्या रिंगणात होता. नोव्हेंबर २०२३ला बेलाटोर ही दुसरी एमएमए कंपनी विकत घेतली. फायटर आले, पण त्या सगळ्यांना चार-चार लढतींच्या सीझनमध्ये बसवणं शक्यच नव्हतं, म्हणून वेगळे कार्यक्रम, वेगळे पट्टे सुरू झाले. कोणती लढत तक्त्यातली आणि कोणती बाहेरची, हेच प्रेक्षकाला कळेना.

यूएफसीनेही प्राइड २००७ला आणि स्ट्राइकफोर्स २०११ला, अशा दोन प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेतल्या होत्या. पण तिने त्यांचे फायटर आपल्या एकाच रचनेत ओढले आणि जुन्या लढतींचा संग्रह आपल्याकडे ठेवला. पीएफएलने आधी दोन रचना शेजारी-शेजारी चालवल्या, आणि २०२५ला गुणतक्ताच काढून टाकला: आठ जणांची साधी बाद फेरी, विजेत्याला ५ लाख डॉलर, कोपर खुले. पाहायला ठीक. पण बेलाटोरच्या सुरुवातीच्या वर्षांतली स्पर्धा ज्याने पाहिली आहे, त्याला यात नवं काही नाही.

पैशांच्या बाबतीत यूएफसीची बरोबरी होणारच नाही. पॅरामाउंट या प्रसारण कंपनीसोबतचा तिचा करार २०२६पासून सात वर्षांचा, ७७० कोटी डॉलरचा, आणि त्यात अमेरिकेतला पे-पर-व्ह्यू, म्हणजे एकेका कार्यक्रमाचे वेगळे पैसे, बंद. मासिक वर्गणीत यूएफसीचे मोठे कार्यक्रम मिळत असताना पीएफएलच्या एका लढतीसाठी वेगळे पैसे कोण मोजेल? तिच्याकडे वेगळं असं होतं ते तक्ताच. म्हणूनच तक्ता सोडणं ही मला पीएफएलची सगळ्यात महागडी चूक वाटते.

पाहायचं असेल तर २०२१ आणि २०२२चे सीझन पाहा. पहिली फेरी घाईत उरकली तरी चालेल. दुसरी फेरी मात्र गुणतक्ता शेजारी उघडा ठेवून, लढतींच्या क्रमानेच पाहा, निकाल आधी न वाचता. २०२२च्या फायनलमधली पचेको-हॅरिसन लढत पाचही राउंड पाहा. २०१८चे प्लेऑफ एका रात्रीत दोन लढतींचे आणि क्वार्टरफायनल दोनच राउंडची, त्यामुळे तिथे थकवा जास्त आणि कौशल्य कमी दिसतं. ते वगळलेत तरी हरकत नाही. २०२३चा सीझन जूनपर्यंतच.