थेम्सच्या मुखाशी रुतलेलं दारूगोळ्याचं जहाज : ब्रिटिश सरकारचे सर्व्हे रिपोर्ट वाचावेत का?

वस्तू फुकट आहे, मोबाइलवर उतरवता येते, आणि इंग्रजी बेताचं असलं तरी बरीचशी समजते, कारण त्यात चित्रं भरपूर आहेत. इंग्लंडमध्ये थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे, शिअरनेस गावापासून सुमारे २.४ किलोमीटरवर, ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज ऑगस्ट १९४४ पासून वाळूत रुतलेलं आहे. त्याच्या पोटात अजून सुमारे १,४०० टन स्फोटक आहे. ब्रिटनची मेरीटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सी या सांगाड्याची वेळोवेळी पाहणी करून घेते आणि तिचे रिपोर्ट सरकारी संकेतस्थळावर ठेवते. हे परीक्षण त्या रिपोर्टांचं.

गुण आधीच देऊन टाकतो. भुसावळला पाचपैकी पाच, वरणगावला पाचपैकी दोन, सरासरी साडेतीन. खान्देशातल्या माणसाला एवढ्यावरूनच कळावं. भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत दारूगोळा ठेवायच्या पेट्या आणि डबे बनतात, वरणगावच्या फॅक्टरीत काडतुसं. या रिपोर्टांत पेटीचं, म्हणजे जहाजाच्या सांगाड्याचं, माप इतकं बारीक आहे की नाव ठेवायला जागा नाही. पेटीतल्या मालाचा विषय निघाला की मात्र रिपोर्ट दोन ओळींत उरकतो.

जहाजाची हकिकत थोडक्यात. १९४३ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला बांधलेलं हे लिबर्टी जहाज, म्हणजे युद्धाच्या घाईत एकाच साच्यातून हजारोंनी काढलेल्या जहाजांपैकी एक. ६,१२७ टन दारूगोळा भरून ते फ्रान्समधल्या शेरबूर बंदराला निघालं होतं. ताफा जमेपर्यंत नांगर टाकायला जी जागा नेमून दिली ती उथळ निघाली. ओहोटीला तिथे जेमतेम ७.३ मीटर पाणी, आणि भरलेलं जहाज मागच्या बाजूला नऊ मीटरच्या वर खाली बसलेलं. २० ऑगस्टला नांगर घसरला, जहाज वाळूच्या उंचवट्यावर चढलं, पाणी उतरलं तसा आधार गेला आणि कणा मोडला. २३ ऑगस्टला माल उतरवायला सुरुवात झाली, दुसऱ्याच दिवशी पत्रा फाटून पुढच्या कप्प्यांत पाणी शिरलं. २५ सप्टेंबरला काम सोडून दिलं. तोवर मागचे कप्पे रिकामे झाले होते, पुढच्या तिघांतला माल तिथेच राहिला.

त्या मालाची जी यादी सरकारी कागदांत मिळते ती अशी: २,००० पौंडी बॉम्ब २८६, १,००० पौंडी ४,४३९, ५०० पौंडी १,९२५. शिवाय तुकडे उडवणारे छोटे बॉम्ब आणि त्यांचे जुडगे मिळून २,८१५, बूस्टर (फ्यूजचा दणका वाढवणारी छोटी दारू), पांढऱ्या फॉस्फरसचे धुराचे बॉम्ब आणि इशाऱ्यासाठी वापरायचं दारूकाम. आता बेरीज करून बघा. नुसते पहिले तीन प्रकार धरले तरी ५९,७३,५०० पौंड होतात, म्हणजे साधारण २,७१० टन. मग १,४०० टन हा आकडा आला कुठून? बॉम्बच्या वजनात लोखंडी कवच आलं. सर्वसाधारण बॉम्बमध्ये भरलेली दारू एकूण वजनाच्या निम्म्याच्या आसपास असते, जाड कवचाच्या बॉम्बमध्ये त्याहून कमी. २,७१०चं निम्मं केलं की १,३५५ येतात, आणि उरलेला किरकोळ माल मिळवला की गाडी १,४०० च्या स्टेशनात येते. म्हणजे आकडा बरोबर आहे, पण वाचकाला तो समजावून द्यायला हवा होता. कवचासकट वजन आणि निव्वळ स्फोटकाचं वजन यांतला फरक न कळल्यामुळेच दोन वेगळे आकडे फिरत राहतात आणि लोक म्हणतात सरकार लपवतंय.

याच फरकापायी आपल्याकडे आणखी एक चुकीची तुलना होते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ फुटलं, त्यावरही सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. आकडा तोच, म्हणून धोका तोच, असं धरलं जातं. मुंबईचा आकडा मालाच्या वजनाचा होता, थेम्समधला निव्वळ स्फोटकाचा आहे. त्या हिशेबाने थेम्समधला साठा मोठा. उलट बाजूने बघितलं तर मुंबईत त्याच जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि त्या पेटल्या. गाठीची आग वरून विझलेली दिसते आणि आतून धुमसत राहते, हे जळगावच्या जिनिंगवाल्याला सांगायला नको. थेम्समधल्या मालाच्या चहूबाजूंनी पाणी आहे, तिथे आगीची ही वाट बंद आहे.

मग फुटायचं झालं तर कशाने? इथे वरणगावची बाजू सुरू होते, आणि इथेच रिपोर्ट पातळ होतो. मोठ्या बॉम्बांत भरतात ते टीएनटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ऐंशी वर्षं पाण्यात राहिलं तरी ते स्फोटकच राहतं. पण ते आपणहून फुटणारं नाही. त्याला जोराचा दणका देणारी टोपी लागते. मोठे बॉम्ब जहाजात भरताना फ्यूज, म्हणजे बॉम्ब उडवणारी कळ, वेगळे ठेवत. तुकडे उडवणाऱ्या जुडग्यांचं तसं नव्हतं, ते फ्यूज बसवूनच पाठवलेले होते. त्या फ्यूजमध्ये लेड अझाइड हे लगेच उडणारं स्फोटक असतं. दमट हवेत त्यापासून एक आम्ल तयार होतं, ते तांब्याला लागलं की कॉपर अझाइड बनतं, आणि ते इतकं हळवं असतं की घासल्यानेही उडू शकतं. विहिरीच्या सुरुंगाला वापरतात त्या डिटोनेटरची टोपी बहुधा ॲल्युमिनियमची का असते, याचं उत्तर हेच. ब्रिटिश तज्ज्ञांचं पुढचं म्हणणं असं की फ्यूजमध्ये पाणी केव्हाच भरलं असणार आणि ही हळवी द्रव्यं धुऊन गेली असणार. तर्क बरोबर आहे. फक्त तो पाणी शिरलेल्या फ्यूजला लागू पडतो. एखादा फ्यूज कोरडा राहिला असेल तर त्याचं काय, हे चिखलाखालच्या होल्डमध्ये (मालाच्या कप्प्यात) हात घातल्याशिवाय कळणार नाही. आणि हात घालायचा नाही, हेच तर धोरण आहे.

फॉस्फरसवर रिपोर्टांनी खरं तर स्वतंत्र पान द्यायला हवं. पाण्याखाली तो वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो आणि हवेत येऊन वाळला की पेट घेतो. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर जुन्या बॉम्बांतले फॉस्फरसचे खडे लोक अंबर समजून खिशात टाकतात आणि भाजून घेतात. मोठ्या स्फोटाच्या चर्चेत ही छोटी, पण जास्त संभवणारी गोष्ट मागे पडते.

आता भुसावळची बाजू, जिला आम्ही पैकीच्या पैकी दिले. पाहणी मुख्यतः मल्टीबीम सोनारने होते. सर्व्हेची बोट जहाजाजवळून फिरते, तिच्या तळाचं यंत्र आवाजाचे स्पंद पंख्यासारखे पसरून खाली सोडतं, परतायला लागलेल्या वेळावरून प्रत्येक ठिकाणची खोली काढतं, आणि लाखो ठिपके जोडून सांगाड्याचं चित्र उभं राहतं. पाण्याबाहेर दिसणाऱ्या तीन डोलकाठ्यांसाठी लेझर. मग नव्या चित्रावर जुनं चित्र ठेवून फरक काढायचा. होल्डवरचा डेक, म्हणजे जहाजाची वरची फरशी, किती खचला, फट किती रुंदावली, तळाची वाळू कुठे गेली, हे इतक्या धीराने वर्षानुवर्षं नोंदवलंय की सरकारी कामाबद्दलचं आपलं मत थोडं सुधारतं.

वाचताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला खोलीचा. समुद्राच्या नकाशात खोली ओहोटीच्या नीचांकी पातळीपासून मोजतात, त्या दिवशी तिथे किती पाणी होतं त्यावरून नाही. आणि शिअरनेसला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. दुसरा फरकाच्या चित्रांचा. पाच-दहा सेंटिमीटरच्या फरकाने रंग बदललेला दिसला की जहाज खचलं म्हणून ओरडू नये. लाटांवर डुलणाऱ्या बोटीवरून घेतलेल्या मापात तेवढी चूक बसू शकते. सलग तीन-चार रिपोर्टांत फरक एकाच दिशेने वाढत असेल तरच तो खरा धरा. तिसरा घोटाळा सगळ्यात मोठा: सोनारला पत्र्याचा आकार कळतो, जाडी कळत नाही. जाडी मोजायला पाणबुड्याने पत्रा खरवडून अल्ट्रासॉनिक यंत्र टेकवावं लागतं, आणि असं काम क्वचितच झालंय. त्यामुळे चित्रात धडधाकट दिसणारी भिंत आतून पापडासारखी झालेली असू शकते.

गंज कुठे जास्त, हे विहिरीत कॉलम पाईप सोडलेल्या शेतकऱ्याला विचारा. पाईप पाण्याच्या रेषेवर आधी गंजतो, तळाच्या गाळात उशिरा, कारण गाळात हवा पोचत नाही. जहाजाचंही तेच. चिखलात गाडलेला तळ टिकून आहे, वरचा डेक आणि डोलकाठ्या गंजत चालल्यात. बुडाशी वेगळीच अडचण. तापीच्या पुलाच्या खांबाशी पुराचं पाणी भोवरा घेऊन खड्डा पाडतं, तसं भरती-ओहोटीचं पाणी सांगाड्याच्या कडेने वाळू उकरतं. खालचा आधार असमान झाला की वर फट वाढते. दोन आणि तीन नंबरच्या होल्डच्या आसपासची पानं म्हणूनच सावकाश वाचावीत.

डोलकाठ्यांचा प्रश्न सोपा वाटतो, सोपा नाही. त्यांचा भार गंजक्या सांगाड्यावर आहे. डेक कोसळला तर डोलकाठी आत घुसेल, म्हणून त्या कापायचं २०२० मध्ये जाहीर झालं, आणि काम पुन्हा पुन्हा पुढे ढकललं गेलं. कापताना तुकडा सुटून खाली पडला तर जे टाळायचं तेच हाताने घडवल्यासारखं होईल.

‘एवढा धोका आहे तर काढून का टाकत नाहीत?’ हा प्रश्न दर वेळी येतो. सुरुंग न उडाल्यावर भोक उकरायला जाऊ नये, हे विहीर खोदणाऱ्या प्रत्येक टोळीला माहीत असतं. जे घडायचं राहिलंय ते उकरण्याने घडतं. इंग्लिश खाडीत फोकस्टोनसमोर ‘किएल्त्से’ हे पोलिश जहाज १९४६ मध्ये दारूगोळ्यासकट बुडालं होतं. १९६७ च्या जुलैत ते साफ करण्यासाठी स्फोटकं लावली आणि सगळा माल एकदम उडाला. तळाशी सहा मीटर खोल खड्डा पडला, हादरा रिश्टर मापावर ४.५ नोंदला गेला. जीव कुणाचा गेला नाही, कारण जहाज किनाऱ्यापासून बरंच लांब आणि खोल पाण्यात होतं. मॉन्टगोमेरी उथळ पाण्यात आहे, समोर शिअरनेस, पलीकडे ८ किलोमीटरवर साउथएंड, म्हणजे भुसावळ-वरणगाव अंतराहूनही कमी. जवळच आइल ऑफ ग्रेनचं द्रवरूप गॅसचं टर्मिनल, आणि मेडवे नदीत जाणाऱ्या जहाजांचा रस्ता जेमतेम काहीशे मीटरवरून. १९७० मध्ये श्रीवेनहॅमच्या रॉयल मिलिटरी कॉलेज ऑफ सायन्सने अंदाज केला होता की सगळं एकदम उडालं तर तीनशे मीटर रुंद पाण्या-चिखलाचा स्तंभ तीन किलोमीटर उंचीपर्यंत जाईल आणि पाच मीटरची लाट उठेल. यातला ‘एकदम’ हा शब्द महत्त्वाचा. एका होल्डचा दणका पाण्यातून आणि चिखलातून दुसऱ्या होल्डला लागेल की नाही, यावर सगळा अंदाज टांगलेला आहे, आणि या रिपोर्टांत त्याचं उत्तर शोधू नका. मोठ्या स्फोटाची शक्यता फार कमी आहे, एवढंच सरकारी म्हणणं.

बंदोबस्ताबद्दल तक्रार नाही. १९७३ च्या कायद्याने जागेभोवती बोयांचं (तरंगत्या खुणांचं) कडं आहे, चोवीस तास रडारवर नजर आहे, डोलकाठ्यांवर जवळ न येण्याच्या पाट्या आहेत.

कोणी वाचावेत? अभियांत्रिकी आणि डिप्लोमाच्या पोरांनी जरूर. गंज, पाया आणि मोजमापातली चूक हे तिन्ही धडे एकाच जहाजावर मिळतात. फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांनी वाचावेत, पण चिडायची तयारी ठेवून. सनसनाटी हवी असणाऱ्यांनी वेळ घालवू नये. सुरुवात सगळ्यात ताज्या रिपोर्टापासून करा, आधी होल्डचे नंबर दाखवणारी आकृती समजून घ्या, मग दोन नंबरच्या होल्डवरचा डेक, मग बाजूची वाळू. प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालते. पानं मोबाइलवर ताणून बघण्यात अर्थ नाही, कॉम्प्युटरचा मोठा पडदा घ्या. आणि प्रिंट काढणार असाल तर रंगीतच काढा, काळ्या-पांढऱ्या कागदावर खड्डा आणि उंचवटा ओळखू येत नाहीत.